अर्थाचे मूळ आणि चुकीची शक्यता

पुण्यातल्या आपल्या खोलीत बसलेला मनुष्य रायगडावरच्या होळीच्या माळाचा विचार करू शकतो, पुढल्या वर्षीच्या अद्याप न पडलेल्या पावसाचा करू शकतो, आणि जो कोणत्याही काळी कोणत्याही पागेत नव्हता अशा पंखांच्या घोड्याचाही करू शकतो, ही गोष्ट इतकी नित्याची आहे की तीत नवल करण्याजोगे काही असेल अशी शंका सहसा कोणाला येत नाही. परंतु जगातल्या इतर वस्तूंकडे पाहिले तर हा धर्म त्यांच्या ठायी आढळत नाही. दगड कशाविषयीचा नसतो, नदी कशाविषयीची नसते, यकृतातून पाझरणारे पित्तही कशाविषयीचे नसते. ते नुसते असते. मग कवटीच्या आत मज्जापेशींमध्ये चाललेली विद्युत्-रासायनिक हालचाल, जी अखेर पित्तासारखीच देहातली एक घडामोड आहे, ती कित्येक कोस दूर असलेल्या माळाविषयीची कशी होते? मन जी खूण आपल्यापुढे धरते, ज्याला मानसिक प्रतिरूप म्हणण्याचा प्रघात आहे, तिला आशय येतो कोठून?

हा प्रश्न केवळ पंडितांच्या पुरता राहिलेला नाही. बोलणारी यंत्रे आज विद्यार्थ्याला, रुग्णाला आणि शेतकऱ्याला सल्ला देऊ लागली आहेत, आणि ‘त्यांना कळते काय’ या वादाचा फैसला हे मूळ प्रकरण न तपासताच दोन्ही पक्ष मोठ्या निश्चयाने देत आहेत. माझे म्हणणे असे आहे की, अर्थाचा शोध चुकीपाशी सुरू केला पाहिजे. जी खूण चुकूच शकत नाही तिला अर्थ नसतो, आणि जी उपपत्ती ‘चूक म्हणजे काय’ हे सांगू शकत नाही तिने अर्थाचाही उलगडा केलेला नसतो.

फ्रान्झ ब्रेंटानो याने १८७४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात मध्ययुगीन ख्रिस्ती पंडितांची एक विस्मृत कल्पना पुन्हा उजेडात आणली आणि असे प्रतिपादले की, प्रत्येक मानसिक व्यापार कोणत्या ना कोणत्या विषयाकडे वळलेला असतो व हेच मनाचे व्यवच्छेदक लक्षण होय. आपल्या नैयायिकांनी ही गोष्ट त्याच्या कित्येक शतके आधी सिद्धांत म्हणून स्वीकारली होती. ज्ञान हे सविषयकच असते, असे ते म्हणत. इच्छा, द्वेष आणि प्रयत्न यांनाही विषय असतो, परंतु तो ज्ञानाकडून उसना आलेला, ‘याचितमंडन’न्यायाने, म्हणजे दुसऱ्याचे दागिने मागून आणून अंगावर घालावे तसा. भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’, ज्याची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी संस्कारलेली आवृत्ती १९२८ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढली, तो उघडून पाहणाऱ्याला विषयतेच्या या एका कल्पनेभोवती किती सूक्ष्म विचार गुंफला गेला आहे याची साक्ष पटेल. तथापि सविषयकता हा ज्ञानाचा स्वभाव आहे एवढे मानून नैयायिक पुढे जातो, आणि आजच्या विचारवंताला नेमके तेथेच थांबणे भाग पडते; कारण मन हे निसर्गातच उपजलेले आहे असे एकदा मान्य केले की तो स्वभाव निसर्गात कसा उपजला याची कैफियत द्यावीच लागते.

साम्यामुळे अर्थ येतो, प्रतिरूप हे वस्तूसारखे दिसते म्हणून ते तिचे असते, हे सुचणारे पहिले उत्तर फार काळ टिकत नाही. हिलरी पटनम याने १९८१ साली एका मुंगीचा दाखला दिला होता: वाळूवरून सरपटताना तिच्या पायांनी उमटलेली रेघ योगायोगाने विन्स्टन चर्चिलच्या मुखचर्येशी जुळली, तरी ज्या मुंगीने चर्चिलला कधी पाहिले नाही व जिला त्याच्याविषयी काही सांगायचे नाही, तिने त्याचे चित्र काढले असे कोणी म्हणणार नाही.

दुसरे उत्तर कारणसंबंधाचे आहे आणि ते बरेच अधिक भक्कम आहे. धूर अग्नीचा बोध करून देतो, कारण अग्नीवाचून धूर होत नाही. पॉल ग्राइस याने १९५७ सालच्या आपल्या निबंधात या नैसर्गिक सूचकतेला माणसांच्या शब्दार्थाहून वेगळे काढले होते. पुढे फ्रेड ड्रेट्स्की याने १९८१ साली याच नैसर्गिक सूचकतेच्या पायावर ज्ञानाची सगळी इमारत उभी करण्याचा प्रयत्न केला. ज्या मज्जापेशी कुत्रा समोर आला की उद्दीपित होतात, त्यांचा आशय ‘कुत्रा’, इतके हे साधे आहे. परंतु व्याप्तीचा, म्हणजे नित्य साहचर्याचा, अभ्यास केलेल्या कोणालाही यातली उणीव चटकन दिसावी. धूर कधी चुकत नाही. पहाटेचे धुके पाहून ज्याने अग्नीचे अनुमान केले तो मनुष्य चुकला. धुके चुकले नाही आणि धूर तर तेथे नव्हताच. नैसर्गिक खुणेला खोटे बोलता येत नाही, आणि मनाचे तर असे आहे की त्याला पदोपदी खोटे दिसू शकते.

ही अडचण किती खोल आहे हे पाहण्यासाठी नुकत्याच बोलू लागलेल्या मुलाकडे पाहावे. अंगणात आजीच्या मांडीवर बसलेले दीड वर्षाचे मूल कुंपणापाशी आलेल्या कुत्र्याकडे बोट करून आनंदाने ‘भूभू’ म्हणते. घटकाभराने शेजाऱ्याची शेळी पाला ओरबाडायला येते, आणि ते तितक्याच खात्रीने पुन्हा ‘भूभू’ म्हणते. आजी म्हणते, “अरे, भूभू नाही राजा, ती शेळी. बघ, शिंगं आहेत तिला.” आजीच्या लेखी मूल चुकले. पण केवळ कारणसंबंधाच्या हिशेबाने पाहिले तर त्याची ती खूण कुत्र्याने जशी जागी झाली तशीच शेळीनेही झाली. तेव्हा तिचा आशय ‘कुत्रा किंवा शेळी’ असा धरावा लागेल, आणि तसा धरला की मूल चुकलेच नाही असे ठरेल. उद्या त्याने वासराला भूभू म्हटले तर आशयात वासरूही सामील करून घ्यावे लागेल. खुणेला जे जे जागे करील ते ते तिचा अर्थ, असा नियम केला तर चूक करणे अशक्यच होऊन बसते, आणि चुकीबरोबर अर्थही हातचा निसटतो.

जेरी फोडर याने १९८७ साली व पुन्हा १९९० साली या अडचणीला दिलेले उत्तर मला फार बुद्धिमान वाटते. अंधाऱ्या रात्री गाय पाहून ज्याच्या मनात ‘घोडा’ ही खूण उठते, त्याची ती चूक खऱ्या घोड्यांनी ती खूण उठण्यावर अवलंबून असते. घोड्यांचा संबंध तुटला तर गायीचाही तुटेल, पण गायीचा तुटला म्हणून घोड्यांचा तुटणार नाही. चूक सत्याच्या आधाराने जगते, सत्य चुकीच्या आधाराने जगत नाही. शिंपल्यात रुपे दिसण्याच्या भ्रमाची न्यायशास्त्राने केलेली मीमांसा ज्याच्या परिचयाची आहे त्याला हा विचार अनोळखी वाटू नये. अन्यथाख्यातिवादी नैयायिक म्हणतो की, शिंपल्यावर जे रजतत्व भासते ते भ्रमाने नव्याने निर्माण केलेले नसून पूर्वी अन्यत्र पाहिलेल्या खऱ्या रुप्याचेच असते. ज्याने रुपे कधी पाहिले नाही त्याला शिंपल्यात ते दिसणार नाही. नैयायिकाला भ्रमाचा खुलासा करायचा होता व फोडरला अर्थाचा, तरी भ्रम हा प्रमेचा, म्हणजे यथार्थ ज्ञानाचा, ऋणी असतो या एका गोष्टीवर दोघेही येऊन ठेपले. असे असूनही फोडरचे उत्तर अपुरे आहे असे माझे मत आहे, कारण हे अवलंबित्व एकतर्फी आहे एवढेच तो सांगतो. ते एकतर्फी का असावे, कोणत्या व्यवहारामुळे घोड्यांचा हक्क मूळचा व गायींचा अतिक्रमणाचा ठरला, याविषयी तो मौन पाळतो.

त्या ‘का’चे उत्तर रूथ मिलिकन या विदुषीने १९८४ साली इतिहासात शोधले, आणि तिचे म्हणणे समजून घेण्यासाठी एका बेडकाकडे वळणे इष्ट आहे. १९५९ साली लेटव्हिन, माटुराना, मॅक्कलॉक व पिट्स या चौघा संशोधकांनी बेडकाच्या नेत्रतंतूंमधून जाणारे विद्युत्-संकेत टिपून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांना असे तंतू आढळले की जे एखादी लहान, काळसर, वळणदार कडेची वस्तू दृष्टिक्षेत्रात हलू लागली की चटकन संकेत देत. बेडकाच्या डोळ्यापुढे त्यांनी फुलांचे आणि गवताचे एक मोठे रंगीत चित्र हलवले, तंतू स्तब्ध. चित्रावर माशीएवढी एक वस्तू ठेवून मागून लोहचुंबकाने ती एकटीच सरकवली. तंतू तत्काळ जागे झाले. तीच वस्तू चित्राला पक्की चिकटवून सगळे चित्र हलवले, पुन्हा स्तब्ध. ज्याच्या भोवती मेलेल्या, निश्चल माश्यांचा सडा पडला आहे असा बेडूक उपाशी मरेल, कारण जे हलत नाही ते त्याच्या लेखी अन्नच नव्हे.

आता या बेडकापुढे एक शिशाचा छर्रा घरंगळत सोडला तर तो जीभ फेकून गिळील. बेडूक चुकला काय? मिलिकन म्हणते, अवश्य चुकला. कारण त्या खुणेचे प्रयोजन ठरवताना आज तिला काय काय जागे करते याची यादी काढायची नसून, त्या बेडकाच्या अगणित पूर्वजांमध्ये ती यंत्रणा टिकून कशामुळे राहिली हे पाहायचे असते, आणि ती टिकून राहिली ती खुणेच्या ठिकाणी बहुतेकदा अन्न होते म्हणून. हृदय निकामी झाले तरी त्याचे प्रयोजन रक्त ढकलण्याचेच राहते. त्याचप्रमाणे खूण फसली तरी तिचा अर्थ तिच्या नेमणुकीने ठरलेला असतो. चुकीला येथे प्रथमच निसर्गात रीतसर जागा मिळाली.

या मतावर दोन मोठ्या हरकती आहेत. पहिली अशी की, वंशाच्या इतिहासाने ठरवलेला हा अर्थ पुरेसा नेमका नाही. बेडकाची खूण ‘अन्न’ सांगते, ‘माशी’ सांगते, की केवळ ‘लहान, काळे, हलणारे’ एवढेच सांगते? मिलिकन पहिले उत्तर देते. करेन निअँडर ही तिसऱ्याच्या बाजूची आहे, आणि तिसरे उत्तर धरले तर छर्रा गिळणारा बेडूक पाहण्यात चुकलेला नसून केवळ दुर्दैवी ठरतो. हा वाद मिटलेला नाही. मला वाटते बेडकाच्या खुणेलाच त्याहून अधिक नेमकेपणा नसावा. आपण आपल्या भाषेतला काटेकोरपणा त्याच्यावर लादतो आणि मग तो सापडत नाही म्हणून उपपत्तीला दोष देतो. अर्थ हा एकदम पूर्णरूपाने अवतरत नसावा, पायरीपायरीने दाट होत जात असावा. बेडकाचा भाऊबंद जो भेक, त्याच्या तोंडात एकदा डंख मारणारी माशी आली की पुढे तो तिला टाळू लागतो, इतकेच नव्हे तर तिच्यासारखी दिसणारी निरुपद्रवी माशीही टाळतो. येथे अर्थाची एक नवी पायरी लागली: ही खूण वंशाने दिलेली नसून त्या एका प्राण्याने आपल्या आयुष्यात कमावलेली आहे, आणि निरुपद्रवी माशीला टाळणे ही त्याच्या स्वतःच्या खात्यावर जमा होणारी चूक आहे. ड्रेट्स्कीही १९८८ सालच्या ग्रंथात याच निष्कर्षाकडे आला की, जी खूण शिकण्याच्या ओघात वर्तनाची सूत्रे हाती घेते तिलाच खऱ्या अर्थाने आशय लाभतो.

दुसरी हरकत डोनाल्ड डेव्हिडसन याने १९८७ साली स्वतःच्याच देहाची कल्पना करून मांडली. दलदलीत वीज कोसळते, डेव्हिडसनचा देह भस्म होतो, आणि त्याच क्षणी जवळच्या वठलेल्या झाडातील द्रव्यातून केवळ योगायोगाने त्याची कणाकणाने हुबेहूब प्रतिकृती उभी राहते. ती चालते, घरी जाते, मित्रांना नावाने हाक मारते. परंतु तिला ना वंशाचा इतिहास, ना शिकण्याचा. तेव्हा तिच्या मनातल्या खुणांना अर्थ नाही असे म्हणावे लागते, आणि डेव्हिडसनने स्वतः ते मान्यही केले. अनेकांना हा निष्कर्ष इतका विपरीत वाटतो की तेवढ्यावरून ते सगळी उपपत्ती नामंजूर करतात. मला तो विपरीत वाटत नाही. ज्या मित्राला ती प्रतिकृती हाक मारते त्याला ती कधी भेटलेलीच नाही. त्याचे नाव तिच्या ओठी येते ते मुंगीच्या पायाखाली चर्चिल आला तसे. मात्र दुसऱ्या दिवसापासून ती ठेचकाळू लागेल, सुधारली जाईल, आणि तिच्या खुणा हळूहळू या जगाला बांधल्या जातील, हेही त्याच उपपत्तीवरून निघते.

माणसाच्या बाबतीत मात्र ही दुरुस्ती करणारा केवळ निसर्ग नसतो, आणि हा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. शब्दाची शक्ती मूल कशी ग्रहण करते याचा विचार करताना आपल्या शास्त्रकारांनी वृद्धव्यवहाराला अग्रस्थान दिले. एक वडीलधारा दुसऱ्याला गाय आणायला सांगतो, तो आणतो. मग गाय बांधायला व घोडा आणायला सांगतो. आणि शेजारी बसलेले बालक कोणता शब्द गेला व कोणती वस्तू बदलली हे न्याहाळत एकेका पदाचा अर्थ वेगळा काढते. आजीने शेळीची शिंगे दाखवली तेव्हा तिने त्या मुलाची खूण एका फार जुन्या वहिवाटीला जोडून दिली, आणि यापुढे ‘भूभू’चा अर्थ त्याच्या एकट्याच्या डोक्यात काय चालले आहे यावर ठरणार नाही. पटनमने १९७५ साली हेच प्रांजळपणे सांगितले: एल्म आणि बीच ही झाडे त्याला वेगळी ओळखता येत नव्हती, तरी त्याच्या तोंडी ‘एल्म’ म्हणजे एल्मच होता, कारण ओळखणारे लोक त्याच्या भाषेत होते. मुंबईच्या ज्या वाचकाने ऐन आणि किंजळ यांची नुसती नावे ऐकली आहेत, त्याच्या मनातला ‘किंजळ’ही सह्याद्रीतल्या त्याच झाडाविषयी असतो, आणि त्याचा जामीन असतो ते झाड सालीवरून आणि फुलोऱ्यावरून ओळखणारा कोकणातला माणूस. टायलर बर्ज याचा १९७९ सालचा रुग्ण डॉक्टरांकडे येऊन आपला संधिवात मांडीत उतरल्याची तक्रार करतो. संधिवात सांध्यांतच होतो असे डॉक्टर सांगतात, आणि तो ते ऐकून आपले म्हणणे मागे घेतो. माझा शब्द माझ्या मर्जीचा आहे, मांडीतल्या दुखण्यालाच मी संधिवात म्हणत होतो, असा वाद तो घालत नाही. दुरुस्तीला तो आधीपासूनच बांधलेला होता.

यंत्रांचा विचार आता करता येईल. जॉन सर्ल याने १९८० साली असे म्हटले की, संगणकातल्या चिन्हांना जो अर्थ दिसतो तो त्यांच्या निर्मात्यांकडून व वापरणाऱ्यांकडून उसना आलेला असतो. नैयायिकांच्या शब्दांत, ते याचितमंडन आहे. मला हा निर्णय दिशेने योग्य पण सरसकट वाटतो. यंत्र मांसाचे नाही म्हणून त्याला अर्थ नाही असे म्हणता येणार नाही. त्याची दुरुस्ती कशाशी ताडून होते हे पाहिले पाहिजे. आजच्या भाषायंत्राला प्रथम मनुष्याने लिहिलेल्या अफाट मजकुरावर पुढचा शब्द ओळखायला शिकवतात, आणि त्या टप्प्यावर त्याची चूक मोजली जाते ती मजकुराशी तुलना करून. मजकूर स्वतः असत्य असेल तर सत्य शब्द सुचवणारे यंत्र चुकले असे धरले जाते. नंतरच्या टप्प्यात त्याची उत्तरे माणसांपुढे ठेवून पसंती-नापसंतीने त्याला वळण लावतात. मिलिकनचा नियम येथे लावला तर यंत्रातल्या खुणांची नेमणूक बहुतांशी मजकुराचा आणि पसंतीचा माग काढण्यासाठी झालेली दिसते. त्या मजकुरात जगाची माहिती ओतप्रोत आहे हे खरे, परंतु नुसत्या माहितीने अर्थ पुरा होत नाही हे आपण धूर आणि धुक्याच्या प्रकरणात पाहिले आहे. उलटपक्षी, जेथे यंत्राचे उत्तर वस्तूशीच भिडते, जसे की त्याने लिहिलेली आज्ञावली प्रत्यक्ष चालते की नाही, गणिताची सिद्धता टिकते की नाही, आणि त्या कसोटीने त्याला वळण लावले जाते, तेथे त्याच्या खुणांना स्वतःचा असा थोडा अर्थ येऊ लागला आहे हे कबूल करायला मी तयार आहे. एकाच यंत्रात काही खुणा उसन्या आणि काही कमावलेल्या असू शकतील, आणि भाषा दोन्हींची सारखीच ओघवती असल्यामुळे वाचणाऱ्याला त्यांतला भेद कळणार नाही.

द्राक्षबागेवर भुरी दिसताच नाशिककडचा बागाईतदार यंत्राला विचारतो की कोणते औषध किती पाण्यात मिसळून फवारू. सल्ला चुकला तर घड त्याचे करपतील, कर्ज त्याच्या डोक्यावर राहील, आणि पुढल्या हंगामात तो शहाणा होईल. यंत्राच्या दप्तरी मात्र त्या बागेची नोंद कोणी मुद्दाम पाठवल्याखेरीज होणार नाही, आणि पाठवली तरी ती दुरुस्ती म्हणून मंजूर होईल की नाही हे बागाईतदाराला कळवले जात नाही. म्हणून अशी यंत्रे शेतीत, औषधोपचारात किंवा न्यायदानात वापरण्याची परवानगी देताना शासनाने त्यांच्या ‘बुद्धिमत्ते’ची जाहिरात वाचत बसू नये; कोणत्या विषयातली उत्तरे कोणत्या वस्तुस्थितीशी ताडून दुरुस्त केली गेली, कोणती केवळ वाचणाऱ्यांच्या पसंतीवर सोडली, आणि शेतातून व रुग्णशय्येवरून परत आलेल्या चुकांचे पुढे काय होते, याचा विषयवार लेखी खुलासा विकणाऱ्याकडून मागून घ्यावा आणि तो मराठीत प्रसिद्ध करावा.